दहा अंशांत अर्धे आयुष्य

'बॉयलर ट्यूब लिकेजमुळे संच बंद.' उन्हाळ्यात विजेची मागणी चढली की ही ओळ वर्तमानपत्रात हमखास दिसते. कधी ती चंद्रपूरच्या नावाने येते, कधी कोराडीच्या, कधी परळीच्या. पाचोडला मोसंबीची बाग असलेल्या शेतकऱ्याला तिचा एवढाच अर्थ पुरतो, की आज थ्री फेजचा भरवसा धरायचा नाही. ट्यूब म्हणजे नेमके काय, ती का फुटली आणि ती फुटणार हे आधी सांगता आले असते का, हे त्या ओळीत नसते. यांपैकी शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आहे, पण त्या होकारामागे एक अट आहे आणि ती पाळणे फार कठीण आहे.

पाचोड हे पैठण तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगर–बीड रस्त्यावरचे गाव. इथल्या दिव्यातली वीज अमुक एका केंद्रातूनच आली असे म्हणता येत नाही, कारण सगळी केंद्रे एकाच जाळ्यात वीज सोडतात आणि आपण त्या जाळ्यातून ती घेतो. तरीही मराठवाड्यात औष्णिक वीज म्हटले की परळी वैजनाथच आठवते, आणि पैठण तालुक्याचे परळीशी नाते तारांइतकेच पाण्याचेही आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी माजलगावला जाते. परळीचे केंद्र माजलगाव धरण आणि गोदावरीवरचा खडका बंधारा यांच्या पाण्यावर चालते. दुष्काळात पाणी संपले की केंद्र थांबते, हे २०१३ आणि २०१५ मध्ये मराठवाड्याने पाहिले. या थांबण्याचाही नळ्यांच्या आयुष्याशी संबंध आहे; तो पुढे येईल.

परळीत १९७० च्या दशकाच्या आरंभी ३० मेगावॉटचे दोन संच उभे राहिले. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन आले आणि २००७ ते २०१६ या काळात २५० मेगावॉटचे तीन. पहिले पाच आता निवृत्त झाले आहेत. या आकाराच्या संचाचा बॉयलर म्हणजे पंधरा मजली इमारतीच्या उंचीची भट्टी, आणि तिच्या चारही भिंती विटांच्या नसून उभ्या नळ्यांच्या असतात. पिठासारखा दळलेला कोळसा आत हवेबरोबर फुंकला जातो आणि हवेतच पेटतो. भिंतीच्या नळ्यांत पाणी असते, त्याची वाफ होते. ती वाफ भट्टीच्या माथ्याजवळ टांगलेल्या नळ्यांच्या वेटोळ्यांतून पुन्हा फिरवून आणखी तापवतात. या वेटोळ्यांना सुपरहीटर म्हणतात. टर्बाइनचा पहिला टप्पा फिरवून आलेली वाफ परत तापवणारी वेटोळी ती रिहीटर. सुपरहीटरमधून बाहेर पडताना वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो आणि तापमान ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एका संचातल्या सगळ्या नळ्या सरळ करून टोकाला टोक लावले तर लांबी शेकडो किलोमीटर भरेल. त्यांतल्या एकीला कुठेतरी बोटभर चीर पडली, तरी अख्खा संच बंद करावा लागतो.

सुपरहीटरच्या नळीवरून वाहणारे धुराचे वायू हजार अंशांच्या आसपास असतात. त्या वायूंत पोलाद टिकते ते केवळ आतून वाफ वाहते म्हणून. पाणी असलेले पातेले चुलीवर करपत नाही, आटले की करपते, तसेच हे आहे. फरक इतकाच की इथे गार ठेवणारी वस्तूच ५४० अंशांची आहे. नळीच्या धातूचे तापमान वाफेपेक्षा आणखी तीस-चाळीस अंशांनी जास्त असते. वाफेचा प्रवाह थोडा कमी झाला, आत क्षारांचा किंवा गंजाचा थर बसला, की धातू तापू लागतो. बाहेर कंट्रोल रूममध्ये मात्र वाफेचे तापमान ५४० च दिसत राहते.

दाब नळीला दोन दिशांनी ओढतो. लांबीच्या दिशेने जेवढी ओढ असते त्याच्या दुप्पट घेराच्या दिशेने असते. म्हणूनच नळी आडवी तुटत नाही, उभी चिरते. घेराच्या दिशेचा ताण काढणे सोपे आहे. दाबाला नळीच्या मधल्या व्यासाने गुणायचे आणि जाडीच्या दुपटीने भागायचे. नळी बाहेरून ५१ मिलिमीटरची आणि ७ मिलिमीटर जाड असेल, तर १५० किलो दाबाला हा ताण चौरस सेंटिमीटरला सुमारे ४७० किलो येतो. हेच पोलाद सामान्य तापमानाला याच्या कितीतरी पट ताण सहज सोसते. मग ते फुटते कसे?

फुटते, कारण गरम धातू ताणाखाली हळूहळू सरकत राहतो. याला क्रीप म्हणतात. थंड पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आत ताण दिला तर ते तेवढे लांबते आणि थांबते. वर्षभर टांगून ठेवले तरी फरक पडत नाही. गरम पोलाद मात्र त्याच ताणाखाली आज थोडे लांबते, उद्या आणखी थोडे, आणि हे कधीच थांबत नाही. किती गरम म्हणजे गरम, हे धातूच्या वितळणबिंदूवर ठरते. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या साधारण चार दशांश तापमान ओलांडले की क्रीप जाणवू लागतो. शिसे ३२७ अंशांना, म्हणजे ६०० केल्विनला वितळते. आपले घरातले तापमानच त्याच्या निम्मे भरते. युरोपातल्या जुन्या चर्चच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे शतकभरात स्वतःच्या वजनाने ओघळलेले दिसतात ते यामुळेच. लंडनमध्ये अँड्रेड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये या सरकण्याचे नियम पहिल्यांदा नीट मांडले, तेही शिशाच्या तारांना वजने टांगूनच. पोलादाच्या बाबतीत ही सीमा चारशे अंशांच्या जरा वर येते. औष्णिक केंद्राची अख्खी गरम बाजू या सीमेपलीकडे काम करते.

क्रीपच्या तीन अवस्था असतात. सुरुवातीला धातू भराभर लांबतो आणि मग मंदावतो. त्यानंतर वर्षानुवर्षे एकाच संथ गतीने सरकतो. शेवटी गती पुन्हा वाढते आणि तुकडा पडतो. मधल्या लांब अवस्थेत वरून काहीच दिसत नाही, पण आत बदल चालू असतो. पोलाद हे सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. नव्या नळीत कार्बाइडचे पातळ पदर कणांत नीट रचलेले असतात. उष्णतेने ते तुटतात, गोळ्यांसारखे होतात आणि मोठे होत जातात, त्यामुळे सरकणे अडवणारे अडथळे कमी होतात. मग जिथे कण एकमेकांना भिडतात त्या सीमांवर बारीक पोकळ्या उगवतात. पोकळ्या वाढतात, ओळीने लागतात, जोडल्या जातात, सूक्ष्म तडा होतो आणि सूक्ष्म तड्यांचा मोठा तडा होतो.

हे सगळे किती वेगाने घडेल, याचा अंदाज बांधण्याचे सर्वांत प्रसिद्ध साधन १९५२ मध्ये आले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले लार्सन आणि मिलर हे दोन अभियंते एका अडचणीत होते. एखादे पोलाद लाख तास टिकेल का, हे पाहायचे तर लाख तास थांबावे लागते, म्हणजे साडेअकरा वर्षे. तोपर्यंत ते पोलाद जुने झालेले असते. त्यांनी विचार केला तो असा. क्रीप ही अणूंच्या हालचालीची क्रिया आहे आणि अशी प्रत्येक क्रिया तापमानाबरोबर घातांकी वेगाने वाढते. म्हणजे कमी तापमानाला दीर्घ काळात जेवढी हानी होते, तेवढीच जास्त तापमानाला थोड्या काळात होईल. तापमान आणि काळ यांची ही अदलाबदल त्यांनी एका आकड्यात बसवली. तापमान केल्विनमध्ये घ्यायचे, तुटेपर्यंतच्या तासांचा दशमान लॉगरिदम काढायचा, त्यात २० मिळवायचे आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. ताण तोच असेल तर हा गुणाकार कायम राहतो. २० हा आकडा अनेक पोलादांना बऱ्यापैकी लागू पडला म्हणून रूढ झाला.

या सूत्राने करायचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल, आणि वाचकाने तो एकदा स्वतः करून पाहावा असे मला मनापासून वाटते. समजा एक नळी अशा ताणाखाली आहे की ५४० अंशांना ती बरोबर १ लाख तासांनी फुटेल. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्विन. १ लाखाचा लॉगरिदम ५. तेव्हा गुणाकार झाला ८१३ गुणिले २५, म्हणजे २०,३२५. आता धातूचे तापमान दहा अंशांनी वाढवू. ८२३ ने २०,३२५ ला भागले की २४.७ येतात, २० वजा केले की ४.७ उरतात, आणि ते सुमारे ५० हजार तास झाले. आयुष्य निम्मे. आणखी दहा अंश वाढवले की २५ हजार. आणखी दहा वाढवून ५७० अंशांना जेमतेम १३ हजार. ५९० अंशांना साडेतीन हजार तास, म्हणजे पाच महिने. ६५० अंशांना शंभर-सव्वाशे तास, म्हणजे चार-पाच दिवस. उलट दिशेने पाहिले तर ५३० अंशांना तीच नळी दोन लाख तास टिकते.

ज्या भट्टीत तापमाने हजाराच्या घरात आहेत तिथे दहा अंश ही किरकोळ बाब वाटते, आणि नेमक्या त्या दहा अंशांवर निम्मे आयुष्य अवलंबून आहे. त्यामुळे 'ही नळी किती वर्षांची' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. तिने कोणत्या तापमानाला किती तास काढले, हे विचारायला हवे.

लार्सन आणि मिलर यांच्या आधीच, १९३० च्या दशकात, रॉबिन्सन या अभियंत्याने बदलत्या तापमानाचा हिशेब कसा ठेवायचा ते सुचवले होते. प्रत्येक तापमानाला घालवलेले तास त्या तापमानाच्या पूर्ण आयुष्याने भागायचे आणि सगळ्या अपूर्णांकांची बेरीज करायची. बेरीज एकाला पोहोचली की आयुष्य संपले. वरचीच नळी घेऊ. ती ५४० अंशांना ६० हजार तास चालली, हे ०.६ झाले. मग भट्टीत काही बिघाड राहिल्यामुळे ५५० अंशांना १० हजार तास गेले, त्याचे ०.२. आणि मधून मधून, संच चालू करताना किंवा वाफ कमी पडल्यामुळे, ५९० अंशांना सगळे मिळून ७०० तास गेले, त्याचेही ०.२. बेरीज एक. सत्तर हजार सातशे तासांत नळी संपली, आणि तिच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा एका महिन्यापेक्षा कमी काळात गेला. तोही सलग नव्हे. कधी दोन तास, कधी रात्रभर असा. ड्यूटीवरच्या ऑपरेटरने लॉगशीटवर त्या दोन तासांची नोंद प्रामाणिकपणे केली की नाही, यावर पुढच्या माणसाचे भाकीत खरे ठरणार की खोटे, हे अवलंबून असते.

सुरुवातीला ज्या अटीचा उल्लेख केला ती हीच. सूत्र सोपे आहे. त्यात घालायचे तापमान मिळवणे अवघड आहे. शेकडो नळ्या समांतर टांगलेल्या असतात आणि धातूचे तापमान मोजणारे थर्मोकपल त्यांतल्या मोजक्यांवरच असतात. तेही बहुधा भट्टीबाहेर, नळी छतातून वर आल्यावर, कारण आतल्या वायूंत ते टिकत नाहीत. नळ्या सारख्या तापतही नाहीत. आपल्याकडे बऱ्याच बॉयलरांत चार कोपऱ्यांतून कोळसा फुंकतात आणि मधोमध ज्वाळेचा भोवरा तयार करतात. हा भोवरा वर जाताना पूर्ण विरत नाही, त्यामुळे माथ्यावर डाव्या आणि उजव्या बाजूच्या तापमानांत फरक राहतो. एका बाजूच्या नळ्या निवांत असतात, दुसऱ्या बाजूच्या सतत जास्त तापतात. सरासरी अगदी चोख येते, आणि नळी फुटते ती त्या तापलेल्या बाजूचीच.

यावर तोडगा सापडला तो नळीच्याच पोटात. गरम वाफ पोलादाशी संयोग पावते आणि आतल्या बाजूला ऑक्साइडचा काळा थर जमतो. तापमान जितके जास्त आणि काळ जितका लांब, तितका थर जाड. चालू तास माहीत असले, तर थराच्या जाडीवरून त्या जागेच्या धातूचे सरासरी तापमान काढता येते. थर्मोकपल जिथे पोहोचत नाही तिथे धातूने स्वतः ठेवलेली ही नोंद वाचायची. संच बंद असताना बाहेरून ध्वनिलहरी सोडून आतल्या थराची जाडी मोजतात. थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा झाला की तो मोजता येऊ लागतो. एका दिवसात शेकडो जागा तपासता येतात, आणि सुपरहीटरच्या कोणत्या ओळी जास्त तापल्या त्याचा नकाशा हाती येतो. मला ही पद्धत या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. अर्थात हा थर केवळ साक्षीदार नाही, तो गुन्ह्यात सामीलही आहे. ऑक्साइड उष्णतेला अडवतो, म्हणून वाफेचा गारवा धातूपर्यंत कमी पोहोचतो, धातू आणखी तापतो आणि थर आणखी वेगाने वाढतो. स्टेनलेस पोलादाच्या नळ्यांत तर संच थंड होताना हा थर पापुद्र्यांनी सुटतो, वेटोळ्याच्या खालच्या वाकणात साठतो आणि पुढच्या वेळी वाफेची वाट अडवतो.

तापमानाच्या खालोखाल महत्त्वाची आहे जाडी, आणि इथे भारतीय कोळशाचा मुद्दा येतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असते आणि त्या राखेत वाळूसारखे कठीण कण पुष्कळ. धुराबरोबर उडणारी ही राख नळ्या घासत राहते. वरच्या उदाहरणातली ७ मिलिमीटरची नळी बाहेरून झिजून ५ मिलिमीटर राहिली, तर ताण ४७० वरून ६३० किलोवर जातो. क्रीपचे आयुष्य ताणाच्या घाताने घटते; घातांक ५ धरला तर ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढताच आयुष्य जवळजवळ चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे झिजेने नळी फुटली असे अहवालात लिहिलेले असते तेव्हा अनेकदा झीज आणि क्रीप या दोघांनी मिळून ते केलेले असते.

फुटलेली नळी हातात घेतली की तिच्या ओठांवरून बरेच कळते. अचानक वाफ अडली, धातू काही मिनिटांत सातशे-आठशे अंशांवर गेला, तर पोलाद मऊ होऊन फुगते, पातळ होते आणि माशाच्या तोंडासारखे उघडते. कडा चाकूसारख्या धारदार. वर्षानुवर्षांच्या क्रीपने फुटलेली नळी फारशी फुगत नाही. चीर अरुंद, कडा जाड, आणि आसपासच्या काळ्या थरावर उभ्या बारीक रेघा. पहिली नळी सांगते की काल काहीतरी चुकले. दुसरी सांगते की तिच्या शेजारच्या नळ्याही त्याच वाटेवर आहेत. दुसऱ्या प्रकारात फक्त फुटलेला तुकडा कापून नवा जोडणे आणि संच सुरू करणे म्हणजे पुढच्या बातमीची तयारी करणे. पण भर उन्हाळ्यात एका नळीसाठी थांबलेला संच सगळी ओळ तपासण्यासाठी आणखी आठ दिवस थांबवा, असे म्हणायला अभियंत्याकडे पुरावा लागतो. भाकिताचे शास्त्र त्याला तो पुरावा देते.

एक फुटलेली नळी एकटी राहत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. चिरेतून सुटणारी वाफेची धार शेजारची नळी कापते, तिची धार पुढची कापते. म्हणून बॉयलरच्या भिंतींत गळतीचा आवाज टिपणारी यंत्रे बसवलेली असतात. गळती सापडल्यावर भट्टी थंड करायची, आत परांची बांधायची, तुकडा कापायचा, अर्गन वेल्डिंगने नवा जोडायचा, सांध्याचा एक्स-रे घ्यायचा, पाण्याच्या दाबाने चाचणी करायची आणि मग पुन्हा लाइट-अप. या सगळ्यात दोन-तीन दिवस सहज जातात. त्या अंधाऱ्या, राखेने भरलेल्या भट्टीत आडवे पडून नळ्यांच्या गर्दीत आरसा धरून मागच्या बाजूचा सांधा भरणारे वेल्डर आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या कौशल्याचा उल्लेख बातमीत कधीच येत नाही याचे मला वाईट वाटते.

कायद्यानेही हा हिशेब मागितला आहे. भारतीय बॉयलर नियमावली १९५० ची. तिच्यानुसार चारशे अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या बॉयलरचे क्रीपच्या टप्प्यातले भाग १ लाख तास चालल्यावर, उरलेले आयुष्य ठरवण्यासाठी, तपासावे लागतात. महाराष्ट्रात यावर बाष्पके संचालनालयाची देखरेख असते. या तपासणीत नळ्यांची जाडी आणि व्यास मोजतात, ऑक्साइड मोजतात, आणि जाड भागांची प्रतिकृती घेतात. प्रतिकृती म्हणजे हेडर (अनेक नळ्या ज्याला जोडलेल्या असतात तो जाड नळ) किंवा मुख्य वाफवाहिनीच्या पृष्ठभागाचा छोटा तुकडा आरशासारखा घासायचा, आम्लाने हलकेच खरवडायचा आणि त्यावर प्लॅस्टिकची ओली फिल्म दाबून स्फटिककणांचा ठसा उचलायचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठशात पोकळ्या दिसतात. त्या सुट्या आहेत, ओळीने लागल्या आहेत की जोडून तडा झाला आहे, यावरून पुढची तपासणी किती वर्षांनी करायची ते ठरते. जर्मनीत १९८० च्या दशकात रूढ झालेली ही वर्गवारी आज जगभर वापरतात. काही नळ्यांचे नमुने कापून प्रयोगशाळेत नेतात. तिथे नळीतला ताण तेवढाच ठेवून तापमान मुद्दाम वाढवतात. तुकडे काही दिवसांत, काही आठवड्यांत तुटतात, आणि त्या बिंदूंची रेघ प्रत्यक्ष तापमानापर्यंत वाढवली की उरलेले आयुष्य कळते. केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे औष्णिक संशोधन केंद्र नागपूरजवळ कोराडीतच आहे आणि अशा तपासण्या तिथले शास्त्रज्ञ करतात. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत क्रीपच्या दीर्घ चाचण्या चालतात.

लाख तास म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. आराखडा करताना, लाख तासांत नळी फोडणारा जो सरासरी ताण असतो त्याला दीडने भागूनच परवानगी मिळते. त्यामुळे चांगल्या निगेतली नळी दोन लाख तासही ओलांडते. नाशिकजवळ एकलहऱ्याला १९७९ ते १९८१ दरम्यान उभे राहिलेले २१० मेगावॉटचे संच चाळिशी ओलांडूनही वीज देत आले आहेत. कोराडीच्या १९८२ च्या संच ६ चे नूतनीकरण जागतिक बँकेच्या कर्जातून झाले. त्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली २००९ मध्ये. अशा निर्णयात कोणता भाग ठेवायचा आणि कोणता बदलायचा, हे ठरवताना वर सांगितलेलेच आकडे टेबलावर असतात.

मात्र सूत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एकाच जातीच्या, एकाच ताणाखालच्या दोन नळ्यांच्या आयुष्यात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. शिवाय, थोड्या तासांच्या चाचणीवरून लाख तासांचे भाकीत करताना आपण गृहीत धरतो की धातूच्या आत तीच क्रिया चालू राहील. नऊ ते बारा टक्के क्रोमियमच्या नव्या पोलादांनी हे गृहीतक मोडून दाखवले. सुरुवातीच्या चाचण्यांत ती फार ताकदवान ठरली. लांब चाचण्यांचे निकाल आल्यावर त्यांतल्या काहींचे परवानगीचे ताण खाली आणावे लागले, कारण दीर्घ काळात आत नवे, मोठे कण तयार होतात आणि धातू दुबळा होतो. खऱ्या लांब चाचणीला पर्याय नाही. जपानमध्ये १९६९ साली सुरू केलेली पोलादाच्या क्रीपची एक चाचणी २०११ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त चालली. जी माणसे ती सुरू करतात ती तिचा शेवट पाहायला नोकरीत नसतात, तरीही ती सुरू करतात.

आता परळीच्या थांबण्याकडे. केंद्र बंद असते तेव्हा क्रीपही थांबतो, हे खरे आहे. पण नळीत ओलावा आणि हवा राहिली तर आतून गंजाचे खड्डे पडतात. म्हणून लांब काळ बंद राहणाऱ्या बॉयलरमध्ये नायट्रोजन भरतात किंवा तो औषधे घातलेल्या पाण्याने पूर्ण भरून ठेवतात. शिवाय प्रत्येक वेळी संच थंड होऊन पुन्हा तापतो तेव्हा जाड हेडर आणि पातळ नळ्या वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात, आणि त्यांचे सांधे ओढले जातात. हा थकवा क्रीपपेक्षा वेगळा असतो, पण दोघे एकत्र आले की एकमेकांचे काम सोपे करतात.

पुढच्या काळात हाच मुद्दा मोठा होणार आहे. पाचोडसारख्या गावांच्या शिवारात आता शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज देण्याच्या योजना येत आहेत. रात्री बारा वाजता पाणी द्यायला जाणारा शेतकरी दिवसा मोटर चालवू शकेल, याहून चांगली गोष्ट नाही. त्याचा परिणाम मात्र असा, की दुपारी कोळशाच्या संचांनी खाली यायचे आणि सूर्य कलताच झपाट्याने वर चढायचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत कोळशाच्या संचांना ४० टक्के भारापर्यंत खाली उतरण्याची क्षमता आणायला सांगितले आहे. हे संच आखले गेले ते दिवसरात्र एकाच भाराने चालण्यासाठी. कमी भाराला वाफेचा प्रवाह घटतो आणि तो सगळ्या नळ्यांत सारखा वाटला जात नाही. काही नळ्यांना गारवा कमी पडतो. त्यामुळे रॉबिन्सनची नुसती बेरीज आता पुरणार नाही. तिच्या शेजारी चढ-उतारांची दुसरी बेरीज मांडावी लागेल, आणि दोन्ही मिळून एकाच्या बऱ्याच आधी थांबावे लागेल. त्यासाठी भट्टीच्या आत, जिथे नळी खरोखर तापते तिथे टिकणारी जास्त थर्मोकपल हवीत, आणि दर मिनिटाचे तापमान साठवून त्यातून प्रत्येक ओळीचे उरलेले आयुष्य मोजणारी यंत्रणा हवी. अशा यंत्रणा आज बाजारात आहेत. जुन्या संचांवर त्या बसवायचा खर्च एका नळीगळतीने बुडणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या विजेशी ताडून पाहावा, आणि तो निर्णय पुढच्या वार्षिक ओव्हरहॉलच्या आधी घ्यावा, कारण भट्टीत शिरून थर्मोकपल बसवायची संधी वर्षातून एकदाच मिळते.